पूजेची घंटा

"रविवारपर्यंतच," अहल्याबाईंनी लेकीला बजावलं होतं. नीरजाने प्राणिमित्र संस्थेतून आणलेल्या म्हाताऱ्या, आंधळ्या कुत्र्याला बडोद्यातल्या दोन घरांनी परत पाठवलं होतं. अहल्याबाईंच्या वासणा भागातल्या फ्लॅटमध्येही तो भिंतींवर धडकत होता. रविवारी त्या पूजेला बसल्या. देवांना बोलवायला घंटा वाजवली, तर कुत्रा चाचपडत थेट देवघरासमोर येऊन शेपूट हलवू लागला. त्या चक्रावल्या. "अहो, हा इथे कसा?" रमाकांतराव ओशाळले. "नीरजाच म्हणाली, जेवू घालताना रोज ठरावीक आवाज करा. तू भजनाला गेलीस की मी हीच घंटा वाजवायचो." "देवाची घंटा? कुत्र्यासाठी?" रागवावं की हसावं, कळेना. नैवेद्याची वाटी हातातच राहिली. समोर देव, शेजारी तो; वाटी कुणापुढे ठेवायची? नीरजा पट्टा घेऊन आली. "आई, नेऊ ना याला?" "घंटा मीच वाजवली," त्या पुटपुटल्या, "आलेल्याला परत कसं पाठवायचं?"