बटाट्याची चकती

कॅन्सरच्या उपचारांत माझं रक्त लहानपणीच्या लसी विसरलं. दिदीची अस्थिमज्जा माझ्या अंगात भरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता तान्ह्या बाळासारख्या लसी पुन्हा टोचायच्या." दिदी हसली, "मग या घोडीचं अन्नप्राशनही उरकू या!" दुर्गापूजेच्या तोंडावर ती स्वतःच डेंग्यूने गेली. माझ्या पहिल्या लसी वाया गेल्या. रक्ततपासणीत त्यांचा काहीच असर उमटला नाही. काल पुन्हा टोचली. सकाळी दंडावर लिंबाएवढी गाठ आली. मला लस कधीच बाधायची नाही. असा दंड सुजायचा दिदीचा, दर लसीला. मा बटाटा चिरून घेऊन आली आणि चकती गाठीवर दाबू लागली. "खाजवू नकोस, झुनू." झुनू म्हणजे दिदी. मी दंड तिच्याकडे आणखी वळवला. सूज उतरू लागताच तिने घाईने चकती काढली. "राहू दे," गाठीवरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "इतक्यात जाऊ नकोस."