सोडलेली विडी

बायजानं वर्षानुवर्षं विनवलं, तरी नवऱ्यानं विडी सोडली नाही. तो कामाला होता त्या मानपाड्याच्या कारखान्यातल्या नर्सबाईनं एकदा समजावलं आणि त्यानं सोडली. तल्लफ आली की तो तिच्याशी बोलायला जायचा, बायजा जळायची. सहा महिन्यांनी पुतणीच्या हळदीला विड्यांचा धूर दाटला आणि तो कासावीस झाला. “बाई ड्युटीवर असतील, बोलून येतो.” बायजानं दिराची विडी त्याच्या हातात कोंबली. “ओढ! कळू दे तिला!” त्यानं विडी ओठांत धरली, पण पेटवलेली काडी फुंकून विझवली. बायजानंच विडी हिसकावून चुलीत टाकली. “तिला सांगतोस ते मला सांग.” मांडवामागे बसून त्यानं सांगितलं, “छातीत कळ येते गं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.” तल्लफ ओसरली. बायजानं त्याचा हात धरला. नवऱ्याची कळ आधी परक्या बाईला कळली, हे मात्र तिला सलत राहिलं.