गळ्यातले दाणे

पुष्पानं आधी छर्रा शोधला. बदकाच्या छातीवरून, पंखांखालून, मांड्यांवरून बोट दाबत नेलं. रस्सा तीन वर्षांची लेक पिणार. एखादा छर्रा राहून गेला तर दाताचं काय? छर्रा सापडला नाही. जखमही दिसेना.

दाराबाहेरच्या ओट्यावर झुलाल तंबाखू मळत बसला होता. सासूनं, द्रौपदाबाईंनी, सांगून ठेवलेली दोन रानबदकं तो तळ्याकाठच्या गावाहून सायकलला अडकवून घेऊन आला होता. आत लेक खोकत होती. उबळ आली की चेहरा काळानिळा पडे तिचा.

"आटप ना वं," द्रौपदाबाई स्टोव्हला पंप मारत म्हणाल्या. "गरम रस्सा पोटमा गया की पोरनी छाती मोकयी व्हई."

पुष्पानं गळ्याखाली सुरी लावली. तिथली दाण्यांची पिशवी लिंबाएवढी फुगलेली. ती फुटली आणि भिजलेली ज्वारी ताटात सांडली. हा वास तिच्या ओळखीचा होता. कपाशीवर फवारा मारून वडील घरी येत, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला यायचा. तिनं पदरानं नाक दाबलं, तर हातालाही तोच वास.

"झुलालभाऊ, बंदुकीनं मारलंत ना हे?"

"बंदूक कोनाकडे शे, वहिनी?" तो हसला. "ज्वारी औषधमा भिजाडानी, सांजले काठवर टाकानी. सकायमा बदकंसनी पिशवी भरी जास."

"म्हणजे विष घालून? आणि लोकांना खायला घालता?"

"आतडं फेकी दिधं की काय व्हस? बजारमा बठ्ठं खपी जास."

"तुमच्या घरी खातात?"

तंबाखू ओठामागं ठेवायला त्याला जरा वेळच लागला. "आमना घरमा... पोरंसले आवडत नहीं."

द्रौपदाबाईंचा पंपावरचा हात थांबला.

कॉलेजच्या जर्नलमध्ये पुष्पानं याच तलवार बदकाची आकृती काढली होती. थंडीत सैबेरियाकडून येतं, अर्ध्या जगात आढळतं, संख्या भरपूर, धोका नाही, असं खाली सुवाच्य अक्षरात लिहिलंही होतं. गुण पूर्ण मिळाले होते.

"असंच मारत राहिलात तर उरणार आहेत का हे?"

"हट! तळाव काया दिखस इतला शेतस. दर हिवाळाले येतस. कितला बी मारा, सरतस नहीं."

लेक हळूच येऊन हिरव्या पिसाकडे हात नेत होती. पुष्पानं तिला खसकन मागं ओढलं.

"घेऊन जा. दोन्ही." तिनं पायानंच ताट उंबऱ्याबाहेर लोटलं.

झुलाल रागावला नाही. दुसऱ्या बदकाबरोबर हे कापलेलंही त्यानं पिशवीत टाकलं. मग ताट तिरपं केलं आणि ज्वारीचा एकेक दाणा बोटानं टिपून रुमालात ठेवू लागला.

"अहो, ते तरी फेका!"

"कशाले, वहिनी?" रुमालाला गाठ मारत तो म्हणाला. "सांजले कामले येतीन."