सपाट आवाज

“फेलिक्स चार,” भार्गवी म्हणाली आणि तिने आपल्या भोकांच्या पटावरचं प्यादं उपटून दोन घरं पुढे खोवलं.

समोर बसलेल्या रणजीतने मान वर केली. दुसऱ्याच चालीला राजाच्या शेजारचं प्यादं फुकट देऊ करायचं, राजाचं दार सताड उघडं टाकायचं आणि हाताशी येईल त्या मोहऱ्यानिशी चढाई करायची, असा डाव तगड्या खेळाडूसमोर कुणी शहाणा माणूस काढत नाही. रणजीत तर दोन वर्षं राज्यात पहिला. जयपूरच्या विद्याधर नगरमधल्या त्या स्पर्धेच्या हॉलमध्ये शेजारच्या पटांवरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. ही अंध मुलगी चोराला घर दाखवतेय, असंच त्यांना वाटलं असणार.

दुबळ्यांशी भार्गवी सावकाश, राजाला कोटात बसवून खेळायची. हा डाव तिने तगड्यांसाठी राखून ठेवला होता. मागच्या वर्षी अशाच एका तगड्याने, स्वतः जिंकत असताना, तिला बरोबरी देऊ केली होती. वर “बहुत अच्छा खेलती हो, बेटा,” असंही म्हणाला होता. तो अर्धा गुण तिच्या घशाखाली उतरला नव्हता. या डावात दया दाखवायला जागाच राहत नाही. दोघांतला एक जण मरतो. एकदा, एकदाच, कुणा तगड्याला निव्वळ आपल्या डोक्याने हरवायचं, एवढंच तिला हवं होतं.

डाव्या हाताला वडील बसले होते, नंदकिशोर. रणजीतची चाल तिला मोठ्याने सांगायची आणि तिची चाल रणजीतच्या पटावर करायची, एवढंच त्यांचं काम. ऐकण्यात घोटाळा नको म्हणून पटाच्या उभ्या पट्ट्यांना नावं असतात: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, असं करत सहावी फेलिक्स. नंदकिशोर रेल्वेत स्टेशन मास्तर होते, भुसावळहून बदलीवर आले आणि जयपूरलाच निवृत्त झाले. बत्तीस वर्षं त्यांनी पुढच्या स्टेशनला फोनवर आकडे सांगितले होते, एका सुरात, जीव न गुंतवता. तसाच आवाज ते इथे लावायचे. पण दहा वर्षं मुलीला पुस्तकांतले शेकडो डाव वाचून दाखवता दाखवता त्यांनाही खेळ कळायला लागला होता. घोटाळा तिथेच होता.

पंधराव्या चालीपर्यंत भार्गवीने एक घोडा आणि एक उंट देऊन टाकला. रणजीतचा राजा उघड्यावर आला होता. मग मोहरं टेकल्याचा आवाज झाला.

“राजा, डेव्हिड आठ,” नंदकिशोर म्हणाले.

शब्द बरोबर होते. फक्त ‘आठ’ म्हणताना त्यांचा श्वास अर्धा आत राहिला. पंचांना कळलं नाही, रणजीतला कळलं नाही. भार्गवीची बोटं पटावरच थांबली. दहावीचा निकाल घेऊन दारात आले, तेव्हा बाबांचा आवाज असाच झाला होता.

म्हणजे काहीतरी होतं. तिने एकेक मोहरं पुन्हा चाचपलं. दोन मिनिटांत सापडलं. वजीर सरळ त्याच्या उंटाच्या तोंडी द्यायचा. उंटाने तो मारला की आपला उंट पुढे, आणि मात. तिने वजिराकडे हात नेला आणि लगेच मागे घेतला. आहे म्हटल्यावर कुणालाही सापडलं असतं.

घड्याळ चालत राहिलं. हिला ती चाल दिसत नाहीये, असं नंदकिशोरांना वाटलं. ते खुर्चीत पुढे सरकले, मग मागे. खुर्ची करकरली. तेही तिने ऐकलं.

“ड्रॉ,” भार्गवी म्हणाली.

रणजीतला आपली चूक चाल केल्याकेल्या दिसली होती. तो पटाकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, “आप जीत रही थीं.”

“पता है. पर वो चाल मेरी नहीं थी.”

त्याला काही उमगलं नाही. अर्धा गुण वाचला होता, तरी तो हरल्यासारखा उठून गेला.

बाहेर व्हरांड्यात नंदकिशोरांना राहवेना. “वजीर दिसला नाही का गं तुला?”

“दिसला ना, बाबा. तुमच्या आवाजात.”

“मी? मी तर एक शब्द जास्तीचा बोललो नाही.”

“नाही बोललात.”

आतून दुसऱ्या कुठल्यातरी पटावरच्या टाळ्या ऐकू आल्या.

“माझा मला तो दिसला असता की नाही,” भार्गवी म्हणाली, “हे आता मला कधीच कळणार नाही.”

“मुद्दाम नाही केलं गं मी.”

“माहितेय मला. मुद्दाम केलं असतं तर भांडले असते.” तिने त्यांचा हात शोधून धरला. “उद्या शेवटची फेरी आहे, बाबा. मतलब... माझ्या शेजारी असं कुणीतरी बसवा, ज्याची मी कुणीच नाही.”

नंदकिशोरांनी आकडे सांगायचा तो सपाट आवाज लावला. “बरं,” ते म्हणाले, पण श्वास पुन्हा अर्धा आत राहिला.

भार्गवीने तोंड फिरवलं. पण तोंड फिरवून ऐकू यायचं थांबत नाही.