भिंतीपलीकडची हजेरी

रविवार, दिनांक ९ मार्च, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. चर्चमागच्या स्वयंपाकघरात माझी पत्नी नेहमीप्रमाणे उपासनेनंतरच्या चहासाठी एकशे चाळीस कप मांडत होती. मी बाकाकडे निघणार, एवढ्यात चिटणिसांनी तिच्या हाती कमिटीचे पत्र ठेवले : "वर्षातील बावन्न उपासनांपैकी आपली हजेरी शून्य. कृपया विश्वासात शिथिलता येऊ देऊ नये." आमच्याकडे हजेरी बाकांवरची डोकी मोजून घेतात, भिंतीपलीकडचे डोके वहीत येत नाही.

माझे डोके भडकले. "बावन्न रविवार यांना आयता चहा कोणी पाजला, ते विचारतोच आता!"

"अहो, देवाच्या दारात भांडण नको," ती म्हणाली. "बोलावलंय ना, मग जाऊन बसू या."

तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि थेट पहिल्या बाकावर जाऊन बसली.

पाळकसाहेबांच्या उपदेशाचा विषय होता, प्रभूजवळ मिळणारा विसावा. चौथ्या मिनिटाला तिचे डोके माझ्या खांद्यावर टेकले. इतक्या वर्षांत तिला इतके निवांत झोपलेले मी पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने चिटणीस वाकून कुजबुजले, "काका, काकूंना उठवा ना. चहाचं काय?"

"उठवणार नाही. आज ती हजर आहे. आधी ते वहीत लिहा."

त्या रविवारची हजेरी एकशे एक्केचाळीस. चहा, शून्य कप.