आरशावरचा ओरखडा

“कडेच्या पट्ट्यांवर टेप लावून भागणार नाही का?” वर्कशॉपवाल्या काकांनी पुन्हा विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “पट्ट्या काढूनच रंग मारायचा. नाहीतर कडेने पापुद्रे सुटतील आणि नाव माझं खराब होईल.”

काका हात झटकत आत गेले. वर्कशॉप त्यांचं होतं, पण रंगाच्या बाबतीत शब्द तिचा चाले.

समोर दोन सीटची, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार उभी होती. गाडीचे मालक, साहेब, सकाळपासून पंख्याखालच्या स्टुलावर ठाण मांडून बसले होते. चकचकीत सर्व्हिस सेंटरं सोडून हा माणूस एवढ्या लांब, पत्र्याच्या शेडमध्ये का आला, हे काकांना उमगत नव्हतं. गाडी ठेवून जा म्हटलं, तर “बसतो” म्हणाले.

आज या माणसाच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायचाच, असं तिने ठरवलं होतं.

खिडकीखालच्या पट्टीवर तिने गरम हवा मारली आणि प्लास्टिकची पात डाव्या हाताने हलकेच आत सरकवली. टक्. क्लिप सुटली, शाबूत.

“डाव्या हाताने जोर लागतो का?” साहेबांनी विचारलं.

“जोर लावायचाच नसतो, साहेब.”

“लहानपणी कुणी उजव्या हाताची सवय लावली नाही वाटतं.”

“लावून बघितली. लागली नाही.”

साहेब पंख्याकडे बघत राहिले.

डिकीवर चिकटवलेली नावाची अक्षरं ती नायलॉनच्या दोऱ्याने सोडवत होती, तेव्हा एक स्कूटरवाला आत डोकावला. “अहो काका, बाईच्या हातात एवढी गाडी? वाट लावेल की तिची!”

“गाडी माझी आहे,” साहेब बसल्या जागेवरून म्हणाले. “घाम तुम्हाला का फुटतोय? सकाळपासून बघतोय मी. एकसुद्धा क्लिप मोडलेली नाही. तुमच्याच्याने होईल?”

स्कूटरवाला हसण्यावारी नेत सटकला. तिने मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

शेवटी तिने आरशाचं कव्हर काढलं. साहेब उठून जवळ आले.

“हे रंगवायचं नाही. तसंच बसवा.”

“यावर ओरखडा आहे, साहेब.”

“दिसतो मला.”

“सगळी गाडी नवी कोरी आणि एक आरसा कळकट? लोक म्हणतील, हिला कामच येत नाही.”

“म्हणू देत. लोकांना विचारून हे काम हाती घेतलंत का?”

तिने कव्हर मऊ कापडात गुंडाळलं आणि फळीवर वेगळं ठेवलं.

टॅक्सी आली तेव्हा साहेब दाराशी थांबले. “एवढी वाकून काम करू नकोस. पाठ धरेल.” मग घसा खाकरून म्हणाले, “रंग झाला की कळवा.”

“कळवते, साहेब.”

आणखी काहीतरी तिच्या ओठावर आलं होतं. तोवर टॅक्सी वळली.

काही दिवसांनी रंग असा चढला, की काका शेजारच्या दुकानदारांना हाताला धरून दाखवायला घेऊन आले. पाण्यात बघावा तसा त्यांना गाडीच्या दारात आपला चेहरा दिसत होता. तिने एकेक पट्टी दाबून जागच्या जागी बसवली. फक्त आरशाचं कव्हर उरलं, तेव्हा साहेबांना कळवायला गेलेले काका फोन ठेवून बाहेर आले. त्यांचा चेहरा पडला होता.

“साहेब गेले गं. इथून गेले त्याच रात्री, झोपेत. मुलगा बोलला त्यांचा. उद्या येतोय गाडी न्यायला.”

ती कापडाची घडी उलगडत राहिली.

“आण ते कव्हर,” काका हळू आवाजात म्हणाले. “रंगवून टाकू. आता कोण विचारतंय?”

“नको.”

“अगं, एवढं जपण्यासारखं काय आहे त्या ओरखड्यात?”

“सायकलचं हँडल घासलं होतं. ब्रेक लागलाच नाही.”

“तुला काय माहीत?”

तिने कव्हर जागेवर धरलं आणि डाव्या तळव्याने दाबलं. टक्. मग ती पाठ सरळ करून पंख्याखालच्या रिकाम्या स्टुलाकडे वळली, आणि काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “बाबा, गाडी झाली.”