पोपटी घर

पोंगल जवळ आला की अंजप्पन रंगारी चंद्रमतीबाईंच्या भिंतीला शिडी टेकवायचा आणि दर वर्षी तोच हुकूम ऐकायचा, “पोपटी दे, दुसरा नको.” तंजावूरच्या त्या गल्लीत एवढं भडक घर दुसरं नव्हतं. बाईंचा मुलगा त्यागराज तिशीला आला तरी त्याला वाचता येत नव्हतं. गावभर भटकून आला की घर तो रंगावरूनच ओळखायचा. दिवाळीला बाहेर पडला, तो मात्र अजून परतला नव्हता.

यंदा दुकानात नवी शेडकार्डं आली होती. बाईंचा दगडासारखा चेहरा पाहून अंजप्पन चाचरत म्हणाला, “अम्मा, बाहेरून पोपटीच देतो. आतून तरी हा फिका पिवळा देऊ? केबलवर सांगतात, यानं मन प्रसन्न राहतं.”

बाईंनी कार्डाकडे पाहिलंही नाही. “बाहेरूनही तोच दे.”

अंजप्पनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “बाहेरूनही? मग त्यागू घर ओळखणार कसं?”



“परवा पोलिसांनी मला शवागारात नेलं होतं,” बाई म्हणाल्या. “मीच ओळखलं त्याला. शर्टाच्या रंगावरून.”